फॅन्टसी हॉकीचं पैसे भरून घेतलेलं ॲप: पूर्ण हंगाम वापरल्यानंतर

परवा सकाळी ऑफिसला निघताना मेसेज आला: कार्डावरून ३९.९९ अमेरिकन डॉलर गेले. कॅनेडियनमध्ये पंचावन्नच्या वर. मिसिसागात तेवढ्यात गव्हाच्या पिठाच्या वीस पौंडांच्या दोन पिशव्या येतात. मागच्या सप्टेंबरात हे ॲप एका वर्षासाठी घेतलं, तेव्हा आपोआप नूतनीकरणाची खूण मी काढली होती, हे मला पक्कं आठवतंय. तक्रार पाठवली, तर उत्तर आलं ते यंत्राचं. दुसरी पाठवली, पुन्हा तेच. तेव्हा ठरवलं की वर्षभराचा अनुभव नीट लिहून काढायचा. नाव लिहीत नाही, कारण अशी ॲप बरीच आहेत आणि मला जे सांगायचंय ते त्यांतलं कुठलंही घेण्याआधी उपयोगी पडेल.

मी ते घेतलं एकाच कामासाठी. फॅन्टसी हॉकीत एनएचएलमधल्या, म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या मोठ्या लीगमधल्या, खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ करायचे आणि ते सामन्यांत जे करतात त्याचे गुण आपल्याला. खेळाडू ड्राफ्टमध्ये वाटले जातात, फेरीफेरीने एकेक नाव निवडत. आमची लीग ऑफिसातली, १२ संघांची. गोल, असिस्ट (गोलाआधीचा पास), पॉवर प्लेचे गुण (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना मिळवलेले), शॉट्स, हिट्स (अंगावर दिलेल्या धडका), ब्लॉक्स (अडवलेले शॉट्स) असं सगळं मोजलं जातं. कॉनर मॅकडेव्हिडसारखा अव्वल खेळाडू पहिल्या फेरीत जाणार हे सांगायला ॲप लागत नाही. डोकं फिरतं ते तिशीच्या आसपासच्या किंवा पुढच्या खेळाडूंनी अचानक उसळी मारली की. २०२३-२४ मध्ये झॅक हायमनने ३१ व्या वर्षी ५४ गोल केले. जोनाथन मार्चेसोने ३३ व्या वर्षी ४२ केले, त्याआधी त्याचं सर्वोत्तम होतं ३०. सॅम राइनहार्ट २८ चा, पण आधी कधी ३३ च्या पुढे गेला नव्हता, त्याने ५७ ठोकले. आता २०२४ च्या ड्राफ्टमध्ये या तिघांसाठी कितवी फेरी खर्चायची? ॲपमध्ये प्रत्येक नावापुढे बाण असतो. हिरवा म्हणजे टिकेल, पिवळा म्हणजे बघा, लाल म्हणजे टिकणार नाही. तो बाण मला हवा होता.

दिसायला ॲप छान आहे, दुखापतींच्या बातम्या वेळेवर येतात, गोलरक्षकांचं पान तर फारच चांगलं आहे. त्यावर आणखी लिहीत नाही.

मला वर्षभर छळलं ते एका रकान्याने. शूटिंग टक्केवारी, म्हणजे शॉट्सपैकी किती गोल झाले ते, दिलीय, पण तिच्या शेजारी शॉट्सची संख्या नाही. नुसती टक्केवारी. शॉट्स बघायचे तर खेळाडूचं पान उघडा, दुसऱ्या टॅबवर जा, खाली सरका, आणि परत आलात की यादी पहिल्या नावापासून सुरू. ड्राफ्टमध्ये हातात ९० सेकंद असतात. २० शॉट्समध्ये ५ गोल म्हणजे २५ टक्के आणि २०० शॉट्समध्ये ५० गोल म्हणजेही २५ टक्के. पहिल्यात दोन पक (हॉकीची रबरी चकती) कुणाच्या तरी स्केटला लागून आत गेलेले असू शकतात, दुसऱ्यात माणसाने अख्खा हंगाम काढलाय. पण बाण दोघांनाही सारखाच लाल. एनएचएलची सरासरी साधारण दहा टक्के आहे, त्याच्या बरंच वर कुणी दिसला की लाल. सब घोडे बारा टक्के! मी याबद्दल वर्षभरात त्यांना सहा वेळा लिहिलं. एक रकाना वाढवायला असं काय लागतं?

याच रकान्याने मला वॉशिंग्टनचा गोलवीर ॲलेक्स ओव्हेच्किन घालवायला लावला.

२०२३-२४ मध्ये त्याचे ३१ गोल होते, वय ३९ ला टेकलेलं, म्हणून ड्राफ्टमध्ये तो मला बराच उशिरा मिळाला. ऑक्टोबरपासून पठ्ठ्याने गोलांचा सपाटा लावला. कारकिर्दीची टक्केवारी तेराच्या आसपास, आणि आता त्याच्या कितीतरी वर. ॲपचा बाण लालभडक. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मी त्याला एका तरुण सेंटर खेळाडूच्या बदल्यात ट्रेड करून टाकलं. मग वेगासला एका रात्रीत तीन, दुसऱ्याच दिवशी युटात दोन, आणि त्याच सामन्यात पायाचं हाड मोडलं. १८ सामन्यांत १५ गोल. तो जखमी झाल्यावर मला वाटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला. असं वाटल्याचं आज वाईट वाटतं, पण वाटलं होतं खरं.

२८ डिसेंबरला तो टोरांटोविरुद्ध परतला. आमच्या लीगमध्ये एक काका आहेत, मूळ नागपूरचे, तीस वर्षं इथे, ब्रॅम्प्टनला राहतात. आम्ही दोघं त्यांच्या तळघरात टीव्हीपुढे बसलो होतो, समोर पोह्यांच्या बश्या. शेवटी पिछाडीवरच्या टोरांटोने जादा खेळाडू उतरवायला गोलरक्षक काढला आणि ओव्हेच्किनने रिकाम्या जाळीत पक टाकला. मी म्हटलं, “काका, असल्या गोलांनी टक्केवारी फुगते. टिकणार नाही हे.”

काकांनी बशी खाली ठेवली. “अरे बापा, तू टक्केवारीच पाहून राह्यला. तो मानूस उभा कुठं राह्यते ते पाह्य ना पहिले. पॉवर प्लेमध्ये जाळीजवळच्या डाव्या सर्कलमध्ये. वीस वर्षं झाले, तिथंच उभा आहे. तिथं त्याले पळाच लागत नाही, पास आला का मारते. पाय थकते रे, मनगट नाही थकत इतक्या लवकर.”

त्या दिवशी मला ते पटलं नाही. हंगाम संपल्यावर हिशोब मांडला. एकूण ४४ गोल, ६५ सामने. पहिले १८ सामने आणि १५ गोल बाजूला काढा, उरतात ४७ सामन्यांत २९. म्हणजे लाल बाण दाखवल्यानंतर आणि पाय मोडल्यानंतरही तो पूर्ण हंगामाला पन्नास गोल पडतील अशा गतीने खेळला. आमच्या उपांत्य फेरीच्या आठवड्यात तो समोरच्या संघात होता. शुक्रवारी, ४ एप्रिलला दोन. रविवारी, ६ एप्रिलला न्यूयॉर्क आयलँडर्सविरुद्ध कारकिर्दीतला ८९५ वा, वेन ग्रेट्झ्कीचा सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडणारा. पॉवर प्ले, डावं सर्कल, टॉम विल्सनचा आडवा पास. हॉकीवर प्रेम असलेल्या माणसाने त्या क्षणी उभं राहायला हवं होतं. मी उभा राहिलोही, पण तो गोल माझ्या विरुद्ध मोजला जात होता.

चूक कुठे झाली हे मी नंतर शोधलं. ॲप मागच्या तीन हंगामांची सरासरी घेतं आणि हंगामाचे तुकडे पाडत नाही. २०२३-२४ च्या पहिल्या ४३ सामन्यांत ओव्हेच्किनचे फक्त ८ गोल होते, पुढच्या ३६ सामन्यांत २३. म्हणजे पुढच्या वर्षी जे दिसलं त्याची सुरुवात आधीच झाली होती. ३१ हा एकच आकडा धरला की ते दिसत नाही.

मग उन्हाळ्यात मी ॲपमधले जुने हंगाम काढून बसलो, काकांची कसोटी लावून: गोल कुठल्या जागेवरून येतात आणि ती जागा टिकणार का. क्रिस क्रायडर, २०२१-२२: ५२ गोल, २५८ शॉट्स, २० टक्के, आधीचं सर्वोत्तम २८. ॲप अर्थातच लाल. पण ५२ पैकी २६ पॉवर प्लेवर, जाळीच्या तोंडाशी उभं राहून. ती जागा रेंजर्समध्ये त्याच्याकडून कुणी काढून घेणार नव्हतं. पुढची दोन वर्षं: ३६ आणि ३९. पन्नास नाही, पण जुने अठ्ठावीसही नाहीत. जो पावेल्स्की तर ३७ व्या वर्षी ८१ गुण (गोल आणि असिस्ट मिळून), पुढे ७७, पुढे ६७, तिन्ही वर्षं रॉबर्टसन आणि हिन्ट्झच्या सोबतीने, बहुतेक काम जाळीसमोर पक वळवण्याचं. राइनहार्टचंही तसंच: ५७ पैकी २७ पॉवर प्लेवर, टक्केवारी साडेचोवीसच्या जवळ, खाली येणार हे शाळकरी पोरही सांगेल. आला ३९ वर. त्याआधीच्या कुठल्याही वर्षापेक्षा ३९ जास्तच आहेत, आणि ॲपने त्याला पार जुन्या सरासरीला नेऊन बसवलं होतं.

उलट बाजू बघा. एरिक कार्लसन, ३२ व्या वर्षी सॅन होजेत १०१ गुण. तिथे सगळा खेळ त्याच्यातून जायचा. पिट्सबर्गला गेला, जिथे क्रॉसबी, मॅल्किन, लेटँग असे बडे खेळाडू आधीच होते, ५६ झाले. नुजंट-हॉपकिन्स, २०२२-२३, १०४ गुण, त्यातले ५३ पॉवर प्लेचे. त्या वर्षी त्याच्या एडमंटन संघाने ३२.४ टक्के पॉवर प्लेवर गोल केले, एनएचएलच्या इतिहासातलं सर्वोत्तम. इतिहासातलं सर्वोत्तम काही दर वर्षी होत नसतं. पुढच्या वर्षी ६७. या दोघांसाठी त्यांची स्वतःची टक्केवारी बघायचीही गरज नव्हती, आजूबाजूचं घर, म्हणजे संघ, बघितलं असतं तरी पुरे होतं. मार्चेसो वेगास सोडून नॅशव्हिलला गेला आणि ४२ चे बरोबर निम्मे, २१ झाले. स्टॅमकोसही त्याच उन्हाळ्यात तिथे गेला, ४० वरून २७.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि ॲपला पाचपैकी एक तारा देऊन मोकळा होणार होतो. त्यानंतर दोन आठवड्यांत एक गोष्ट झाली आणि एक जुनी आठवली, त्या लिहिल्या नाहीत तर ते खोटं होईल.

एक, पैसे परत आले. तिसऱ्या तक्रारीला खऱ्या माणसाने उत्तर दिलं, माफी मागितली आणि पूर्ण रक्कम फिरवली, फक्त विनिमयदरात कॅनेडियन दीड डॉलर गेला. त्याच उत्तरात होतं की शॉट्सच्या रकान्याची सूचना “विचाराधीन” आहे. सातवं पत्र मी त्यालाच उत्तर म्हणून पाठवलंय.

दुसरी गोष्ट हायमनची. काकांच्या कसोटीवर तो टिकायलाच हवा होता. जागा जाळीसमोर, सोबतीला मॅकडेव्हिड आणि ड्रायसाइटल, घर तेच. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये मी त्याला तिसऱ्या फेरीत घेतलं, लाल बाण असताना. पहिल्या २० सामन्यांत ३ गोल, मग दुखापत, मग डिसेंबरमध्ये परतल्यावर धडाधड गोल. हंगामाअखेर ७३ सामन्यांत २७. म्हणजे बरोबर निम्मे. बाण बरोबर निघाला आणि मी चूक. हे मी काकांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, “मंग? मी का ज्योतिषी आहो का?” २७ म्हणजे एडमंटनमधल्या त्याच्या पहिल्या वर्षाचा आकडा. तो घसरला नाही, जिथून चढला होता तिथेच आला. त्याचा आणि राइनहार्टचा फरक मला अजून नीट सांगता येत नाही, आणि ॲपलाही येत नाही, कारण त्याने दोघांना एकाच रंगात रंगवलं होतं.

म्हणून आता माझं म्हणणं बदललंय. खाली येईल का, एवढ्यापुरता बाण वाईट नाही, बऱ्याचदा बरोबरच असतो. पण ड्राफ्टमध्ये ते विचारून काय मिळतं? उसळी मारलेला जवळपास प्रत्येक जण खालीच येतो. कुठपर्यंत येईल, त्यावर फेरी ठरते. क्रायडर ३६ ला थांबणार असेल तर तो चौथ्या फेरीत सोनं आहे, २८ ला थांबणार असेल तर नाही. त्यासाठी मला शॉट्स लागतात, पॉवर प्लेवर आधी उतरणाऱ्या पहिल्या पाचांत कोण आहे ते लागतं, आणि दोन्ही गोष्टी नॅचरल स्टॅट ट्रिकवर फुकट मिळतात. दिसायला ती साइट रूक्ष आहे, फोनवर डोळे फोडून घ्यावे लागतात. पण गोल आणि शॉट्स एकाच ओळीत असतात.

तीन तारे. पैसे परत दिले नसते तर दोन.

येत्या शनिवारी ड्राफ्ट आहे. यंदाचा माझा प्रश्न टॉम विल्सन. २०२४-२५ मध्ये ३३ गोल, आधीचं सर्वोत्तम २४, तेव्हा वय ३१. ॲप लाल. पण तो पॉवर प्लेच्या पहिल्या पाचांत आहे, घर बदललेलं नाही, आणि आमच्या लीगमध्ये हिट्स मोजतात, ते तो दर वर्षी ढिगाने देतो. मी २६ ते २८ गोल धरलेत आणि पाचवी फेरी. काकांना सांगितलेलं नाही, त्यांचा नंबर माझ्या आधी आहे.