‘हात सोडलाच नव्हता’ म्हणणारे कसे फसले

मृतात्मा टेबल उचलतो, पडदा फुगवतो, घंटी वाजवतो असा दावा कुणी ‘माध्यमा’ने, म्हणजे मृतात्म्यांशी संपर्क असल्याचं सांगणाऱ्या व्यक्तीने, केला की साक्षीदार हमखास सांगतात, ‘माध्यम बाईंचे दोन्ही हात आम्हीच धरले होते.’ ते खोटं बोलत नसतात. म्हणूनच सावध व्हा.

इटलीतल्या नेपल्सच्या माध्यम युसापिया पलाडिनोच्या (१८५४–१९१८) बैठकांना पिएर क्युरींसारखे शास्त्रज्ञ बसत. कोपऱ्यात पडदे, मागे वाद्यं, पडद्याला पाठ करून युसापिया. हातपाय धरायला दोन्ही बाजूंना एकेक जण. गोम पकडीत होती. एकजण तिचं मनगट धरी, दुसऱ्याच्या हातावर ती नुसती बोटं टेकवी. दिवा मंद झाला की ती कण्हायची, अंगाला झटके द्यायची, झटक्याझटक्याने दोन्ही हात जवळ आणायची. तेवढ्यात एक हात मोकळा! उरलेल्या हाताचं मनगट एकाकडे, बोटं दुसऱ्याकडे. दोघांनाही वाटे, आपल्याकडचा हात जागेवरच आहे. पायाचंही तेच: एकाच बुटाची टाच एकाच्या पावलावर, चवडा दुसऱ्याच्या.

१८९५ मध्ये केंब्रिजला रिचर्ड हॉजसन या तपासनीसाने मुद्दाम पकड सैल ठेवली, तेव्हा हात निसटताना कळला. एप्रिल १९१० मध्ये न्यूयॉर्कला काळे कपडे घातलेले दोघं खुर्च्यांखाली पडून राहिले. टेबलाचा पाय तिच्या पायाने उचलला जाताना त्यांना दिसला. त्याच बैठकीत नंतर पकड आवळली आणि चमत्कार थांबले. ही तुलना मला सगळ्यात मोलाची वाटते.

तिच्या बाजूने १९०८ चा नेपल्सचा अहवाल पुढे केला जातो. अकरा बैठका, तीन अनुभवी तपासनीस, खोलीतच लघुलेखक. नोंदी चोख आहेत, पण अंधुक उजेडातल्या पकडीबद्दल लघुलेखक लिहिणार ते धरणाऱ्याला स्पर्शाने जाणवलेलंच. आणि फसवला जात होता तो स्पर्शच. त्यांच्यातलेच फील्डिंग १९१० मध्ये पुन्हा गेले, तेव्हा त्यांना लबाडीच आढळली.

तेव्हा असा किस्सा ऐकलात तर खोदून विचारा. हात डावा की उजवा? अंगठा कोणत्या बाजूला लागला? मनगटापासून खांद्यापर्यंत हात चाचपून पाहिला का, आणि तो नेमका घटना घडतानाच का? पकड कुणी ठरवली? नोंद त्याच क्षणी झाली की घरी जाऊन? १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत डेव्ही या हौशी जादूगाराने पाटीवर ‘आत्म्याचं’ लेखन करून दाखवलं. बघणाऱ्यांनी नंतर लिहून दिलेल्या हकिकतींत, ज्या क्षणी युक्ती झाली नेमके तेच क्षण गाळलेले किंवा मागेपुढे झालेले होते.