सातशेचा कागदी की साडेसहा हजारांचा कापडी : टर्बो गाडीचा एअर फिल्टर निवडताना

माझी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय चाकणची. म्हणजे बनलीही चाकणला आणि रोज जातेही चाकणलाच. १.२ लिटरचं टर्बो इंजिन (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा), १०५ पीएस म्हणजे अश्वशक्ती, ट्यून म्हणजे इंजिनाची सेटिंग कंपनीचीच. मित्राकडे स्कोडाची ऑक्टाव्हिया व्हीआरएस २४५ आहे, म्हणजे २४५ पीएसची, २०२० साली भारतात आलेल्या दोनशेपैकी एक. ती कोथरूडच्या पार्किंगमध्ये कव्हराखाली झोपते आणि रविवारी पहाटे एक्स्प्रेसवेवर उठते. परवा त्याचा फोन आला, "रीमॅप करतोय, फिल्टर कुठला टाकू?" रीमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून पॉवर वाढवणं. मी सांगितलं की मी कागदीवर परत आलोय. त्याचा विश्वास बसेना, कारण चार वर्षांपूर्वी कापडी फिल्टरचं कौतुक त्याला मीच ऐकवलं होतं.

आधी पॉवरचं बोलून टाकू, कारण कापडी फिल्टरच्या डब्यावर तेच मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. फिल्टरमधून जाताना हवेचा दाब थोडा कमी होतो. स्वच्छ कागदी फिल्टर असेल तर फुल थ्रॉटलला, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर, ही घट साधारण एक-दोन किलोपास्कलची. कापडी बसवून त्यातला अर्धा किलोपास्कल वाचला असं धरा. वातावरणाचा दाब शंभराच्या आसपास, म्हणजे कमाई अर्धा टक्का. उंचीच्या हिशोबात बघायचं तर दर शंभर मीटरला दाब एक किलोपास्कलपेक्षा थोडा जास्त उतरतो. अर्धा किलोपास्कल म्हणजे पर्वती जेमतेम निम्मी चढणं. मुंबईहून पुण्याला येताना बिनटर्बो इंजिन सहा टक्के गमावतं आणि कुणी ओरडत नाही. इथे अर्ध्या टक्क्यासाठी साडेसहा हजार मोजायला आपण तयार असतो.

टर्बोत तर तेवढंही हाती लागत नाही. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, किती बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) हवं ते ठरलेलं असतं. पुढून हवा सहज आली तर टर्बोला थोडं कमी फिरावं लागतं, एवढंच. चाकांपर्यंत पोचणारा आकडा जवळजवळ तोच. डायनोवर, म्हणजे पॉवर मोजायच्या यंत्रावर, "पाच पीएस वाढले" असं कुणी दाखवलं तर दोन्ही वेळचं आत येणाऱ्या हवेचं तापमान विचारा. हवा दहा अंशांनी तापली की तीन टक्क्यांच्या आसपास विरळ होते. बॉनेट उघडं की बंद, पंखा कुठे होता, गाडी किती वेळ उभी होती, यातच ते पाच पीएस सापडतात. म्हणून उघड्यावर बसवायचा शंकूच्या आकाराचा कोन फिल्टर मी विचारातच घेत नाही. आपल्या उन्हात तो इंजिनजवळची तापलेली हवा ओढत बसतो. बदलायचं तर एअरबॉक्समधलं, म्हणजे फिल्टरच्या बंद डब्यातलं, चपटं पॅनेलच.

कागद, कापड, फोम

कंपनीचा फिल्टर म्हणजे राळ दिलेला, बारीक चुण्यांचा कागद. चुण्या भरपूर, त्यामुळे पृष्ठभाग मोठा आणि धूळ साठवायची ताकद चांगली. त्याचा एक गुण लोक विसरतात. थोडी धूळ बसली की तो आणखी बारीक गाळतो, कारण बसलेला थरही गाळणीचं काम करतो. म्हणून सर्व्हिसला पोऱ्या फिल्टर काढून कॉम्प्रेसरची हवा मारतो, ते मला बघवत नाही. जोराच्या झोताने कागदाचे तंतू फाटतात आणि वरून फिल्टर नव्यासारखा दिसतो. कागदी फिल्टर धुवायचा नाही, हवाही मारायची नाही. भरला की टाकायचा.

कापडी म्हटलं की पहिलं नाव के अँड एन. केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडोनल्ड या दोघांच्या आद्याक्षरांवरून पडलेलं. १९६९ साली कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला, मोटरसायकलींच्या दुनियेतून ही कंपनी सुरू झाली. ॲल्युमिनियमच्या जाळीत सुती कापडाचे थर आणि त्यावर लाल तेल. धूळ त्या चिकट धाग्यांना लागून राहते. इटलीची बीएमसी याच घराण्यातली, रबराची कड अख्खी साच्यात ओतलेली, आणि प्रामाणिकपणे सांगतो, हातात घेतल्यावर जास्त नेटकी वाटते. दोघींमध्ये अडला असाल तर जिची कड तुमच्या एअरबॉक्समध्ये नीट बसते ती घ्या.

ब्रिटिश पायपरक्रॉसचा फिल्टर फोमचा. धूळ वरच्या वर न अडता फोमच्या जाडीत मुरते, म्हणून रॅलीवाल्यांना फोम आवडतो. पण उष्णता आणि इंजिनाच्या तेलकट वाफा खाऊन फोम काही वर्षांनी ठिसूळ होतो. बोटाने चुरला की लगेच टाकून द्यायचा, नाहीतर तो चुरा टर्बोत जाणार. चौथा प्रकार कोरडा कृत्रिम धाग्यांचा, उदाहरणार्थ एएफई प्रो ड्राय एस. धुता येतो आणि तेलाची भानगड नाही. माझ्या मते कागदानंतर सगळ्यात शहाणी निवड हीच, फक्त आपल्या गाडीच्या मापाचा मिळायला हवा.

रुमालावरचा पट्टा

फिल्टर मापायची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आयएसओ ५०११. ठरावीक धूळ, ठरावीक हवा, आणि किती अडलं त्याचं वजन. चांगला कागदी फिल्टर ९९ टक्क्यांच्या वर जातो. के अँड एन स्वतः आपल्या फिल्टरांसाठी ९६ ते ९९ टक्के असा पल्ला सांगते. वाचताना फरक किरकोळ वाटतो. पण इंजिनाला अडलेल्या धुळीशी देणंघेणं नाही, सुटलेल्या धुळीशी आहे. ९९ मध्ये शंभरातला एक कण आत जातो, ९७ मध्ये तीन. तिप्पट! आणि आपल्याकडची धूळ म्हणजे नुसती माती नाही. मोशी किंवा वाघोलीच्या खडी क्रशरवरून एकदा गाडी न्या आणि मग बॉनेटवर बोट फिरवा.

कापडी फिल्टर वीस हजार किलोमीटर वापरल्यावर मी एकदा फिल्टरच्या पलीकडची, टर्बोकडे जाणारी नळी पांढऱ्या रुमालाने आतून पुसली. रुमालावर खाकी पट्टा आला, अष्टगंध ओढल्यासारखा. चिमटीत चोळला तर कचकच. तोंडचं पाणीच पळालं. मग फिल्टर उजेडात धरून पाहिला तेव्हा कळलं की सगळा दोष कापडाचा नव्हता. एका कोपऱ्यात रबरी कड आत दुमडली होती, तिथून धूळ गाळणी टाळून सरळ घुसत होती. बसवणारा मीच. तेव्हापासून कोणताही फिल्टर असो, झाकण लावण्याआधी कडेवरून चारी बाजूंनी बोट फिरवतो, आणि हजारेक किलोमीटरनंतर रुमालाची परीक्षा घेतो. टक्केवारीच्या वादापेक्षा ही दोन मिनिटं जास्त कामाची.

याच कारणासाठी स्वस्तातल्या नकली मालापासून लांब राहा. एकदा ऑनलाइन निम्म्या किमतीत 'ओरिजिनल' मागवला होता. डबा झकास, पण कड एअरबॉक्समध्ये दोन मिलिमीटर आखूड आणि लाल रंग हाताला लागत होता. तेल नव्हे, रंग.

धुण्याचं प्रकरण

'आयुष्यभर एकच फिल्टर' ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात साबणाचं द्रावण मारा, दहा मिनिटं थांबा, स्वच्छ बाजूने मळक्या बाजूकडे हलक्या धारेने धुवा आणि सावलीत वाळवा. हेअर ड्रायर नाही, कॉम्प्रेसर नाही. मे महिन्यात काही तासांत वाळतो. जुलैत माझा फिल्टर गॅलरीत कपड्यांच्या शेजारी दोन दिवस लटकला होता आणि आईने तो वॉशिंग मशीनचा भाग समजून उचलून ठेवला. तोवर गाडी उभी. म्हणजे धुता येणारा फिल्टर वापरायचा तर मधल्या दिवसांसाठी एक कागदी घरात लागतोच.

वाळल्यावर तेल. इथे हात सैल सोडू नका. मी पहिल्यांदा तळणीचा पदार्थ वाटावा इतकं तेल ओतलं होतं. माझं नशीब म्हणून निभावलं. ज्या गाड्यांमध्ये हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असतो, तिथे जास्तीचं तेल उडून सेन्सरच्या तापत्या पातळ फितीवर बसतं, मग आयडलिंग डळमळतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. तुमच्या गाडीत एमएएफ आहे की फक्त दाब मोजणारा एमएपी, हे खरेदीआधी मेकॅनिककडून जाणून घ्या. एमएएफ असेल तर कोरडा किंवा कागदी घ्या, विषय मिटला.

पैशाचा हिशोबही करू. कापडी साडेसहा हजार आणि धुण्या-तेलाचं किट अठराशे, म्हणजे आठ हजार तीनशे धरा. सातशेचे जवळजवळ बारा कागदी फिल्टर झाले. दर पंधरा हजार किलोमीटरला बदलला तर एक लाख ऐंशी हजार किलोमीटर. तोवर गाडी तुमच्याकडे असेल का, ते तुम्हीच ठरवा. बचतीसाठी कापडी घेऊ नका.

मग कोणी काय घ्यावं

माझ्यासारखा कंपनी ट्यून, रोजचा धुळीचा रस्ता आणि गाडी दोन लाखांपर्यंत चालवायची इच्छा असेल तर कागदी, आणि पुस्तकात दिलेल्या अंतराच्या आधीच बदला. रोजची वाट क्रशरवरून जात असेल तर निम्म्या अंतरात.

व्हीआरएसवाल्याचं गणित मात्र वेगळं आहे. २४५ ची ३०० पीएस करायची म्हणजे साधारण २२ टक्के जास्त हवा. फिल्टरमधला अडथळा हवेच्या वेगाच्या वर्गाच्या जवळपास वाढतो, म्हणजे दीडपट होतो. तो टर्बोच्या आधी असल्यामुळे बूस्ट जितकं जास्त तितकं टर्बोला ते भरून काढायला जड जातं. आता टर्बो आपल्या मर्यादेजवळ फिरतोय, तेव्हा मोकळ्या फिल्टरला खरंच अर्थ आहे. त्याची गाडी धुळीत जात नाही, आठवड्यातून एकदा निघते, आणि फिल्टर धुवायला त्याच्याकडे अख्खा रविवार आहे. त्याला मी सांगितलं, कोरडा मापात मिळाला तर तो, नाहीतर बीएमसी. आणि रीमॅप करण्याआधी बसव, म्हणजे ट्यूनर त्याच फिल्टरवर इंजिनाच्या नोंदी (लॉग) घेईल. वॉरंटीचं मात्र सर्व्हिस सेंटरला आधी विचार, आणि जुना फिल्टर फेकू नकोस.

त्याने शेवटी विचारलं, "आणि आवाज?" हां, तिथे कापडी जिंकतो, निर्विवाद. थ्रॉटल दाबला की टर्बोची शीळ आणि सोडला की तो सुस्कारा, कागद हे सगळं गिळून टाकतो. म्हणून माझा कापडी फिल्टर मी विकलेला नाही. धुऊन, पिशवीत बांधून कपाटात ठेवलाय. दिवाळीत गोव्याला निघायच्या आदल्या रात्री तो बसवतो, दहा मिनिटांचं काम. परत आलो की सोमवारी चाकणला जाण्याआधी कागदी पुन्हा आत.