23 ऐवजी 07 दिसलं, तरी पैसे पाठवले

लिहायला लाज वाटतेय. इंदूरच्या एका कर सल्लागाराकडे 31 वर्षं बिलं तपासण्यात घालवलेल्या मला एका पॅकर्सवाल्याने बिलावरच गंडवलं.

लोकमान्यनगरचं घर विकून पुण्याला मुलाजवळ जायचं होतं. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, घर घेणाऱ्याला 30 तारखेला किल्ली हवी. रद्दी, माळ्यावरची पिंपं, गॅस कनेक्शन परत करणं, सगळं मी एकटी निस्तरत होते. तीन कोटेशनं घ्यायची असतात हे मला कुणी शिकवू नये. घेतली होती. 31,000, 29,500 आणि ह्याचं 22,000. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

2,000 टोकन मागताना त्याने व्हॉट्सॲपवर बिल पाठवलं. पत्ता देवास नाक्याचा आणि जीएसटी नंबर 07 ने सुरू. 07 म्हणजे दिल्ली. मध्य प्रदेशचा 23. झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. मी त्याला विचारलंसुद्धा! "आंटीजी, हेड ऑफिस दिल्ली में है ना." आणि असल्या बिलांवर लाल पेनाने गोल करून जन्मभर ती परत पाठवणारी मी "अच्छा" म्हणाले. पोर्टलवर नंबर टाकून बघायला अर्धं मिनिट लागतं. मी नंतर टाकला. रद्द झालेला, तोही कुणा कपड्याच्या व्यापाऱ्याचा.

बिल्टीवर, म्हणजे माल नेण्याच्या पावतीवर, गाडी नंबराची जागा कोरी होती. तेही दिसलं, पण तोवर माणसं पलंग खोलून बसली होती. गाडी भरल्यावर 12,000 दिले.

दुसऱ्या दिवशी फोन. सेंधव्याला गाडी अडवलीय, टॅक्स आणि ई-वे बिलाचे 9,450 भरा. ई-वे बिल म्हणजे माल वाहतुकीसाठी जीएसटी पोर्टलवर काढायचा कागद. अहो, वापरलेल्या घरगुती सामानाला तो लागतच नाही! मी भांडले. "फिर गाडी यहीं खडी रहेगी." ह्यांचे एक्स-रे, डिस्चार्जचे कागद त्याच कपाटात गेलेले. (कागद, औषधं, दागिने ट्रकमध्ये घालू नका. कधीच.) भरले. मग "रिफंडेबल" इन्शुरन्सचे 6,600. शेवटी पुण्यातल्या कुठल्याशा गोदामातून, उरलेले 8,000 अधिक थांबवल्याचे 6,500, एकदम 14,500. एकूण 44,550. इंदूरहून एमपी 09 च्या गाडीत चढलेलं सामान अकराव्या दिवशी हरियाणाच्या ट्रकमधून उतरलं.

आता पोलिसांचं ऐका. इंदूरला भाच्याला ठाण्यात पाठवलं. "पैसे आंटीने खुद भेजे ना? ये तो लेनदेन का मामला है." पुण्यात मी स्वतः गेले, तर "बुकिंग इंदूरला झालंय, तिकडे जा." दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीबाहेरची असली तरी नोंदवून घ्यावी लागते, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तसं लिहिलंय. ते कलम छापून नेलं. साहेबांनी कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूला माझा फोन नंबर लिहून घेतला. फोन आलेला नाही. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत, आम्ही काय करणार? सगळ्यांचं उत्तर एकच, फक्त खुर्च्या वेगळ्या.

1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, मी चौथ्या दिवशी फोन केला. तुम्ही पहिल्या तासात करा, पैसे पुढे सरकायच्या आत. आणि गाडी भरताना नंबरप्लेटचा, चालकाच्या लायसनचा फोटो काढा, तो कितीही तोंड वाकडं करो. ह्यांनी म्हणे मला हे आधीच सांगितलं होतं. सांगितलं नव्हतं.

ग्राहक आयोगात आता आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ती करतेय. 43 नगांपैकी 41 आले. एका खोक्यात मिक्सर होता, तो गेला तर गेला. दुसऱ्यात सासूबाईंचं पितळी पुरणयंत्र होतं. वकील म्हणतात, त्याचं बिल जोडा.

बिल नाही माझ्याकडे.