व्हॉल्यूम कंट्रोल की प्रेशर कंट्रोल?

नवीन रेसिडेंट आला की आठवड्याभरात हा प्रश्न येतोच: पेशंट इंट्युबेट केला (श्वासनलिकेत ट्यूब घालून व्हेंटिलेटरला जोडला), आता सुरुवात कोणत्या मोडवर करायची? दोन्ही मोड काय करतात ते एका ओळीत: व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये प्रत्येक श्वासाला किती हवा जाणार हे आपण ठरवतो आणि प्रेशर बदलतं; प्रेशर कंट्रोलमध्ये प्रेशर आपण ठरवतो आणि हवा कमी-जास्त होते. जगण्या-मरण्याच्या हिशेबात दोघांपैकी एक सरस, असं आजवरच्या अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. त्यामुळे पुढे जे लिहितोय त्याला माझ्या वापराचा अनुभव म्हणा. दोन्ही मोडवर मी काही वर्षं काढली आहेत.

सुरुवातीला मी प्रेशर कंट्रोलवाला होतो, आणि त्याला कारण होतं. पेशंट त्यावर खरंच निवांत दिसतो. श्वास ओढला की मशीन हवा तेवढा फ्लो (हवेचा वेग) देतं. व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये फ्लो आपण बांधून दिलेला असतो. पेशंटची भूक त्याहून मोठी असली की प्रेशरचा आलेख मधोमध खचतो, मानेचे स्नायू ताणलेले दिसतात आणि एका श्वासावर दुसरा चढतो. म्हणजे किलोमागे ६ मिलि. ठरवलेले असताना फुप्फुसात प्रत्यक्षात जवळजवळ १२ जातात. ही व्हॉल्यूम कंट्रोलची खरी उणीव आहे आणि ती मी झाकणार नाही. फ्लो मिनिटाला ६० लिटरच्या पुढे नेऊन, वेदनेचं औषध नीट देऊन बरेचसे पेशंट शांत होतात. सगळे होत नाहीत.

तरी मी बाजू बदलली, ती प्रेशर कंट्रोलच्या एका सवयीमुळे: काही बिघडत असेल तर तो गप्प राहतो.

एआरडीएसचा (दोन्ही फुप्फुसांना सूज येऊन ती कडक होण्याचा गंभीर आजार) पेशंट होता, उंची १६८ सेंमी. म्हणजे उंचीवरून अपेक्षित वजन ६४ किलो, किलोमागे ६ मिलि. धरून श्वास साधारण ३८५ मिलि.चा. पीप (श्वास सोडल्यावरही राखलेलं प्रेशर) ८, त्यावर प्रेशर १६. रात्री दहाला टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) ३९० येत होता. मी समाधानाने पुढच्या बेडकडे गेलो. पहाटे साडेचारला सिस्टरांनी हाक मारली, ‘सर, हे जरा जास्तच धापा टाकताहेत.’ सॅट (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९४. मॉनिटरवर एकही अलार्म नाही. प्रेशर तेच, २४. टायडल व्हॉल्यूम मात्र २१०. रेट २४ वरून ३२ वर गेलेला, त्यामुळे मिनिट व्हॉल्यूम (मिनिटभरातली एकूण हवा) साडेसहा लिटरच्या वर टिकून होता, आणि त्याच्या अलार्मची खालची मर्यादा आधीच्या पेशंटपासून ३ लिटरवरच राहिलेली. एबीजीत (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत) कार्बन डायऑक्साइड साचून ८२, पीएच ७.१६ पर्यंत उतरलेला. ट्यूबमधला स्राव ओढून काढायचं सक्शन कॅथेटर पुढे सरकेना. ट्यूब बदलली. काढलेली ट्यूब उजेडात धरली तर आतून पिवळट, सुकलेल्या स्रावाचा थर. मधून अगदी अरुंद वाट उरलेली. तो थर एका तासात जमलेला नव्हता. रात्रभर श्वास थोडा थोडा आटत गेला आणि मशीनने नेमून दिलेलं काम, म्हणजे प्रेशर राखणं, चोख केलं.

मर्यादा तपासली नाही ही चूक माझी, मोडची नाही, हे मान्य. पण हाच पेशंट व्हॉल्यूम कंट्रोलवर असता तर पीक प्रेशर (हवा आत जाताना होणारं सर्वांत जास्त प्रेशर) चढत गेलं असतं आणि मध्यरात्रीच्या आसपास अलार्मने सगळा वॉर्ड जागा केला असता. इन्स्पिरेटरी होल्ड (आत गेलेली हवा क्षणभर थांबवणारं बटण) दाबला असता तर पीक ४५ आणि प्लॅटो (हवा थांबल्यावरचं प्रेशर) २४ असं काहीतरी दिसलं असतं. या दोन आकड्यांमधली दरी वाढली की ट्यूब किंवा श्वासनलिका बघायची. दोन्ही एकत्र चढले की फुप्फुस, प्लुरा (फुप्फुसाभोवतीचं आवरण), पोट बघायचं. इतकं सरळ उत्तर बेडजवळ उभ्या उभ्या मिळतं. दम्याच्या पेशंटमध्ये तर याची मला सर्वांत जास्त गरज वाटते.

उलट दिशेचा प्रकारही तितकाच वाईट. पालथं झोपवलं, पाणी उतरवलं, फुप्फुस सुधारलं. प्रेशर तेच राहिलं तर टायडल व्हॉल्यूम किलोमागे ६ वरून ९ वर जातो आणि आकडे छान दिसतात म्हणून कोणी हात लावत नाही. २००० साली एआरडीएसनेट या संशोधक-गटाच्या ८६१ पेशंटच्या चाचणीत किलोमागे १२ मिलि.च्या गटात ३९.८ टक्के मृत्यू झाले, ६ मिलि.च्या गटात ३१ टक्के. दोन्ही गट व्हॉल्यूम कंट्रोलवरच होते. ज्या आकड्याने एवढा फरक पडतो तो आपल्या हातात असावा, वाहवत जाऊ नये, असं मला वाटतं. (तो आकडा उंचीवरूनच काढा. १५५ सेंमी उंचीच्या, ८० किलो वजनाच्या बाईंना ६ मिलि. म्हणजे २९०, ४८० नव्हे. ही चूक मी दोन्ही मोडवर पाहिली आहे.)

व्हॉल्यूम कंट्रोलचा भरवसाही पूर्ण नाही. प्रेशरची वरची मर्यादा फार खाली ठेवली तर मशीन श्वास मध्येच तोडतं आणि ठरलेला व्हॉल्यूम पोचतच नाही. अलार्म वाजतोय म्हणून मर्यादा चढवत नेणं हाही उपाय नव्हे. आधी होल्ड दाबून प्लॅटो बघा, ३० च्या आत आहे ना.

पीआरव्हीसीबद्दल (ठरलेला व्हॉल्यूम मिळावा म्हणून मशीन स्वतःच प्रेशर कमी-जास्त करतं तो मोड) विचारतात, म्हणून थोडक्यात: शांत पेशंटमध्ये चांगला. पेशंट स्वतः जोर लावून ओढू लागला की मशीनला वाटतं फुप्फुस सुधारलं, आणि ते प्रेशर कमी करतं. ज्याला जास्त मदत हवी त्याचीच मदत घटते.

तेव्हा पहिले दोन-तीन दिवस, औषधाने झोपवलेला पेशंट, फुप्फुस तासातासाला बदलतंय, रात्री एका सिस्टरकडे दोन-तीन बेड: मी व्हॉल्यूम कंट्रोल लावतो. जागा होत आलेला, मशीनशी भांडणारा पेशंट असेल, किंवा आयसीडीतून (छातीत घातलेल्या नळीतून) सतत हवा गळत असेल, तर आजही प्रेशर कंट्रोलकडे वळतो. मात्र तेव्हा टायडल व्हॉल्यूमच्या दोन्ही मर्यादा, किलोमागे साधारण साडेचार आणि आठ, स्वतः लावतो आणि चार्टवर प्रेशरच्या शेजारी दर तासाला व्हॉल्यूम लिहायला सांगतो. तुमच्या युनिटमध्ये तो रकाना आधीपासून नेमाने भरला जात असेल, तर माझ्या तक्रारीचा अर्धा जोर तिथेच कमी होतो.