प्रोजेक्ट इम्प्लिसिटची वजनाची चाचणी: दोनदा देऊन पाहिली

वर्णावरून कुणी वाकडं बोललं की माणसं निदान चपापतात. जाडीवरून बोललं की हसतात, वर 'तुझ्या तब्येतीसाठीच सांगतोय' म्हणतात. लहानपणापासून हे ऐकत आलेय, म्हणून प्रोजेक्ट इम्प्लिसिट या संशोधन प्रकल्पाची, मनातले सुप्त (नकळतचे) पूर्वग्रह मोजणारी ही मोफत ऑनलाइन चाचणी मुद्दाम दिली.

कीबोर्डवर एक बोट E वर, दुसरं I वर. जाड-बारीक आकृत्या आणि चांगले-वाईट शब्द भराभर समोर येतात, प्रतिसादाचा वेळ मोजला जातो: मनात जी जोडी घट्ट, तिथे बोट झटकन चालतं. 'जाड' आणि 'चांगलं' एकाच बटणावर आले आणि माझं बोट अडखळलं. माझंच! निकाल: बारीक लोकांकडे मध्यम कल. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तोच कल 'किंचित' निघाला. तेव्हा एकट्यादुकट्यावर शिक्का मारायला ही चाचणी कच्चीच. घाऊक आकडे मात्र बोलतात. याच प्रकल्पाच्या, अमेरिकेतल्या २००७ ते २०१६ मधल्या ४४ लाख चाचण्यांचा अभ्यास २०१९ मध्ये आला: वंश आणि समलैंगिकतेबद्दलचे सुप्त पूर्वग्रह घटले, वय आणि अपंगत्वाबद्दलचे जवळपास तसेच राहिले, वजनाबद्दलचा वाढला.

नोकरीच्या मुलाखती घेणाऱ्यांनी तरी एकदा द्याच. दहाएक मिनिटं लागतात.