क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोख: सेवा झटपट, पण फी आणि व्याज कुठे लपतं?

नौपाड्यातला गोखले रोड असो की वाशीचं सेक्टर १७, एटीएमना तोटा नाही. क्रेडिट कार्ड घातलं, पिन दाबला की नोटा हातात. ना कागदपत्रं, ना जामीनदार. वेगाच्या बाबतीत या सेवेला नावं ठेवायला जागा नाही. पण एकूण खर्च ना पडद्यावर दिसतो, ना पावतीवर. तो पुढच्या स्टेटमेंटमध्ये तीन-चार ओळींत विखुरलेला सापडतो.

बहुतेक बँका काढलेल्या रकमेवर २.५ टक्के फी लावतात, मात्र कमीत कमी ५०० रुपये (काही कार्डांवर ३००). त्यावर १८ टक्के जीएसटी. व्याज महिन्याला ३.५ ते ३.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्के, आणि त्यावरही जीएसटी. खरेदीला मिळते ती बिनव्याजी मुदत रोख रकमेला नाही. व्याज त्याच दिवसापासून चालू.

२०,००० रुपये एकदम काढून ३० दिवसांनी फेडले, तर फी ५००, जीएसटी ९०, व्याज साधारण ७४०, त्यावर जीएसटी १३३. एकूण १,४६३ रुपये.

खरी मेख किमान फीत आहे. २.५ टक्क्यांचे ५०० रुपये होतात ते २०,००० वर. त्याखाली कितीही काढा, फी तेवढीच. २,००० काढले तर जीएसटी धरून ५९० रुपये, म्हणजे पहिल्याच दिवशी २९.५ टक्के गेले! एटीएमने एका वेळी १०,००० चीच मर्यादा घातली, तर २०,००० साठी दोनदा काढावे लागतात, फी दोनदा लागते आणि वरचे १,४६३ थेट २,०५३ होतात. थोडे थोडे काढणं इथे सगळ्यात महाग पडतं.

बिल पूर्ण भरूनही पुढच्या महिन्यात व्याज दिसतं, तेव्हा अनेकांना बँकेची चूक वाटते. तसं नसतं. बिलात व्याज बिलाच्या तारखेपर्यंतचंच असतं. तिथून पैसे भरेपर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं. म्हणून बिलाची वाट न बघता, पगार झाला की अ‍ॅपमधून लगेच भरा. नुसता मिनिमम ड्यू (बिलातली किमान भरायची रक्कम) भरलात, तर किराणा-पेट्रोलच्या नव्या खरेदीचीही बिनव्याजी मुदत जाते. कायदा व्याजाला लगाम घालेल, ही आशाही धरू नका: ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा ग्राहक आयोगाचा २००८ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

दोन-तीन टक्के कापून कार्ड स्वाइप करून रोख देणारे दुकानदार स्वस्त वाटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. तो व्यवहार खोट्या खरेदीचा असतो. बँकेच्या लक्षात आलं तर कार्ड बंद होऊ शकतं.

एफडी असेल तर ती न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे तिच्या तारणावर उचल, घ्या. दर साधारणपणे एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो. बँकेचं सोनेतारणही यापेक्षा कितीतरी स्वस्त. आणि कार्डावरून रोख काढायचीच नसेल, तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन एटीएमचा पर्याय आजच बंद करा. ही सोय देणं रिझर्व्ह बँकेने २०२० पासून बँकांना बंधनकारक केलं आहे.