कल्चर निगेटिव्ह, दुखणं कायम: आधी कुणाचं दार ठोठवायचं?

लघवीचा कल्चर रिपोर्ट तिसऱ्यांदा निगेटिव्ह आला, सोनोग्राफी नॉर्मल आली आणि तरी ओटीपोटातली आग थांबेना, की सल्ल्यांना तोटा नसतो. शेजारच्या काकू धन्या-जिऱ्याचं पाणी सांगतात, ऑफिसातली मैत्रीण नौपाड्यातल्या एका वैद्यांचा नंबर देते, योगवर्गातल्या ताई मूलबंध शिकवतात, कुणाच्या तरी दिराला सुयांनी बरं वाटलेलं असतं. गेल्या सहा वर्षांत यातलं बहुतेक सगळं मी केलं. क्रम मात्र उलटा धरला आणि त्यात चार वर्षं गेली. तुमची जाऊ नयेत, म्हणून हे लिहितेय.

एक गोष्ट कशाच्याही आधी. लघवीतून रक्त, ताप, लघवी अडकणं, बसण्याच्या जागी बधिरपणा, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काहीही असेल तर पुढचं वाचणं थांबवा आणि युरॉलॉजिस्टकडे जा. तसं काही नसलं तरी एकदा त्यांनी तपासलेलं असावंच. काहींच्या मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर हनर लीजन नावाचे चट्टे असतात. ते दुर्बिणीतूनच दिसतात आणि त्यांचा उपचार वेगळा, थेट त्या चट्ट्यांवर करायचा असतो. जंतुसंसर्ग नाही, दुसरं कारण सापडत नाही आणि सहा आठवड्यांहून जास्त दिवस मूत्राशयाशी जोडलेली वेदना आहे, तेव्हा ब्लॅडर पेन सिंड्रोमचा विचार होतो. जुनं नाव इंटरस्टिशियल सिस्टायटिस. पुरुषांना बहुधा ‘प्रोस्टेटला सूज’ एवढंच सांगून अँटिबायोटिकचा आणखी एक कोर्स दिला जातो.

आता माझं म्हणणं. फिजिओ, योग, आयुर्वेद की ॲक्युपंक्चर हे ठरवण्याआधी, तुमच्या ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ढिले आहेत की आखडलेले, हे कुणीतरी हाताने तपासलेलं असलं पाहिजे. हा तळ म्हणजे पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखा बांधलेला स्नायूंचा थर, ज्याला पेल्व्हिक फ्लोअर म्हणतात. बाळंतपणानंतर खोकताना लघवी सुटते तेव्हा हा तळ बऱ्याचदा सैल पडलेला असतो. आपल्या दुखण्यात तो पुष्कळदा उलट असतो, दिवसभर आवळलेल्या मुठीसारखा. दोन्हींचे व्यायाम एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

मला हे माहीत नव्हतं. एका दवाखान्यात ‘किगल करा, स्नायू मजबूत होतील’ असं सांगून छापील कागद हातात दिला. किगल म्हणजे तळ आवळून धरायचा व्यायाम. चार महिने इमानदारीने आवळत राहिले आणि दुखणं मांडीत उतरलं. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की या दुखण्यात स्नायू हाताने सोडवणारी फिजिओथेरपी द्यावी आणि किगल टाळावेत. तो कागद देणाऱ्यांनी माझा तळ तपासलेलाच नव्हता.

हाताने केलेली फिजिओथेरपी

पहिल्या भेटीत फिजिओ ताईंनी पोटाला हातही लावला नाही. मांडीच्या आतल्या बाजूला, जांघेपासून चार बोटं खाली, अंगठा ठेवला आणि नुसता दाबून धरला. मला लघवी लागली. अगदी तीच जळजळ, तीच घाई, आणि मूत्राशय तर पाच मिनिटांपूर्वी रिकामं करून आले होते. ‘हीच का?’ त्यांनी विचारलं. दीड मिनिटाने अंगठ्याखालची गाठ लोण्यासारखी मऊ झाली आणि घाई ओसरली. आपलं दुखणं कुणाच्या तरी बोटाखाली सापडतं, याने मला रडू आलं.

अशा आखडलेल्या बिंदूंवर बाहेरून, आणि तुमची संमती असेल तर हातमोजा घालून योनीमार्गातून किंवा गुदद्वारातून, दाब दिला जातो. आतली तपासणी नको असेल तर नाही म्हणा. अविवाहित मुलींना तर हे आधी सांगायलाच हवं. बाहेरून मांड्या, नितंब, पोट आणि श्वास यांवरही बरंच काम होतं. सोबत बाई हवी असेल तर मागा. संसर्ग चालू असताना आतली ट्रीटमेंट होत नाही, गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पुरावा म्हणाल तर या यादीत याचाच त्यातल्या त्यात भक्कम. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 81 स्त्रियांपैकी काहींना अशी फिजिओथेरपी आणि काहींना साधा सर्वांगाचा मसाज दिला, एकेक तासाची 10 सत्रं. फिजिओवाल्यांपैकी 59 टक्क्यांनी ठळक फरक सांगितला, मसाजवाल्यांपैकी 26 टक्क्यांनी. वेदना आणि घाईचे आकडे मात्र दोन्ही गटांत उतरले आणि त्यांत मोठी तफावत नव्हती. म्हणजे जादू नाही. पण तीन महिन्यांत फरक पडतोय की नाही हे कळतं, आणि शिकलेलं घरी करता येतं.

अडचण आहे ती माणूस मिळण्याची. गुडघे-पाठ बघणारे फिजिओ आमच्या ठाण्यात गोखले रोडपासून घोडबंदरपर्यंत पावलोपावली आहेत, पेल्व्हिक फ्लोअर शिकलेले कमी. नेरूळला डी. वाय. पाटील आणि कामोठ्याला एमजीएम, दोन्हीकडे फिजिओथेरपीची कॉलेजं आहेत, चौकशीची सुरुवात तिथून करता येईल. ठाण्याहून नेरूळला ट्रान्स-हार्बरने थेट जाता येतं, पण दुखण्याच्या दिवसांत तो प्रवास सोपा नसतो हेही धरून चाला. एका सत्राचे किती आणि आठवड्यातून किती वेळा, हे आधी विचारून घ्या. दहा सत्रांचा हिशेब केल्याशिवाय सुरू करू नका, अर्ध्यात सोडलेल्या उपचाराचा नीट निकालच लागत नाही.

योग

खर्चात सगळ्यात हलका आणि रोज करता येण्याजोगा. पण सरसकट नव्हे. मूलबंध आणि अश्विनी मुद्रा म्हणजे तळ आवळणंच, किगलचीच बहीण. आखडलेल्या तळाला त्या दोन्ही नकोत. कपालभातीत पोटाचे झटके बसतात, माझं दुखणं त्याने वाढायचं. उपयोगी पडतं ते सोडायला शिकवणारं: गुडघ्यांखाली उशा घेऊन सुप्त बद्धकोणासन, बालासन आणि पोटाने घेतलेला संथ श्वास. श्वास आत घेताना तळ खाली उतरतो, हे एकदा जाणवलं की अर्धं काम झालं. वर्गात शिक्षिकेला आधीच सांगा की मूलबंध करणार नाही. संकोच करू नका, त्या रागावत नाहीत. मी फिजिओच्या बरोबरीने हे करते, तिच्याऐवजी नाही.

आयुर्वेद

माझ्या आजीचा यावर पूर्ण विश्वास होता आणि मलाही आदर आहे. मूत्रकृच्छ्र, म्हणजे लघवी करताना होणारा त्रास, हे नाव आपल्या ग्रंथांत कधीपासून आहे. वैद्यांनी तिखट-आंबट बंद केलं आणि बद्धकोष्ठावर काम केलं, त्याचा मला खरंच फायदा झाला, कारण कुंथण्याने हाच तळ आखडतो. काढ्याबद्दल तसं म्हणवत नाही. गोखरू मूत्रल मानला जातो, माझ्या फेऱ्या वाढल्या. या दुखण्यावर मोठ्या, नीट आखलेल्या चाचण्यांचं पाठबळ आयुर्वेदिक औषधांना नाही, आणि हे स्वच्छ सांगणारे वैद्य मला जास्त भरवशाचे वाटतात. चंद्रप्रभा वटीत लोहभस्म असतं. भस्मं असलेलं कुठलंही औषध मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा इतर गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका, बिनलेबलची पुडी तर मुळीच नको. उत्तरबस्ती, म्हणजे मूत्रमार्गातून किंवा योनीमार्गातून आत औषध सोडणं, सुचवली तर निर्जंतुकीकरण कसं करतात हे विचारा. समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर उठून या.

होमिओपॅथीबद्दल थोडक्यात: या दुखण्यावर तिचा उपयोग होतो असा भरवशाचा पुरावा नाही.

सुया

ॲक्युपंक्चरचा चांगला पुरावा आहे तो पुरुषांच्या बाबतीत. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिनी चाचणीत जुनाट प्रोस्टेटायटिस-ओटीपोटदुखीच्या 440 पुरुषांना आठ आठवड्यांत 20 सत्रं दिली. खऱ्या सुयांच्या गटात सुमारे 61 टक्क्यांना फायदा, खोट्या सुयांच्या गटात सुमारे 37 टक्क्यांना, आणि तो पुढे सहा महिने टिकला. म्हणून घरातल्या पुरुषाला हे दुखणं असेल तर सुया माझ्या यादीत बऱ्याच वर येतील. स्त्रियांच्या मूत्राशयाच्या दुखण्यात पुरावा तुटपुंजा आहे. तरीही फिजिओने थोडा फरक पडून गाडी अडकली असेल तर करून पाहायला हरकत नाही, मात्र सुया एकदाच वापरायच्या, डोळ्यांदेखत पाकीट फोडलेल्या.

टिबियल नर्व्ह स्टिम्युलेशन हे याच्या जवळचं. घोट्याच्या आतल्या बाजूला बारीक सुई आणि सौम्य करंट, आठवड्यातून एकदा अर्धा तास, बारा आठवडे. ते मुख्यतः वारंवार आणि घाईची लघवी होणाऱ्यांसाठी आहे. वेदनेपेक्षा फेऱ्यांनी जास्त छळलं असेल तर युरॉलॉजिस्टना याबद्दल विचारा.

गोळ्या आणि पथ्य

गोळ्या वाईट नाहीत. कमी डोसची अमिट्रिप्टिलीन कित्येकांना झोप आणि दिलासा देते. मूत्राशयाच्या या दुखण्यावर दिलं जाणारं पेंटोसन घेत असाल तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्या. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत पडद्याला इजा आढळली आहे, आणि 2020 पासून अमेरिकेत तसा इशारा औषधाच्या माहितीपत्रकातच आहे.

पथ्य सगळ्यांचं सारखं नसतं. चहा, कॉफी, लिंबू, टोमॅटो, मिरची, सोडा हे तीन-चार आठवडे बंद करा आणि एकेक परत आणा. मला चहा सोसत नाही, आमसूल सोसतं. क्रॅनबेरीचा रस लोक प्रेमाने आणून देतात, पण तो आंबट असतो आणि यात बहुधा आगीत तेल ओततो.

आणि एक सवय, जी कुठल्याच पॅथीत येत नाही. स्टेशनवरचं घाणेरडं कमोड टेकायला नको म्हणून आपण बायका अर्धवट उभ्या राहून लघवी करतो. तसं करताना तळ सुटतच नाही. सीटवर कागद टाका, पण बसा. घरातून निघताना लागली नसताना ‘उगाच एकदा’ जाणंही हळूहळू कमी करा. गडकरीला नाटकाला गेले की मी अजूनही कडेचीच खुर्ची मागते, फक्त मध्यंतरापर्यंत आता उठावं लागत नाही.

माझ्यासारखं, म्हणजे बसल्यावर वाढणारं, मांडी-कंबरेत पसरणारं, संबंधांच्या वेळी दुखणारं असेल, तर आधी फिजिओ आणि बरोबर श्वासाचा योग. मूत्राशय भरताना दुखतं आणि रिकामं केलं की लगेच थांबतं, असं असेल तर आधी दुर्बीण आणि पथ्य, मग बाकी सगळं.

फिजिओला फोन कराल तेव्हा तीन गोष्टी विचारा. पेल्व्हिक फ्लोअरचं वेगळं शिक्षण घेतलंय का? पहिल्या भेटीत हाताने तपासणार का? आणि माझे स्नायू आखडलेले निघाले तर काय शिकवाल? तिसऱ्या प्रश्नाला ‘किगल’ असं उत्तर आलं तर आभार मानून दुसरा नंबर लावा.